आक्काचा हक कमी

आमच्या आक्काला मी आयुष्यात एकदाच फसवलं. माणसानं एकदाच फसवलं तर त्याला वाईट म्हणत नाहीत, चूक झाली म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. आता म्हणत नाही, कारण चूक करताना माणसाचा अंगठा इतका नेमका जागेवर बसत नाही.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव तापीच्या काठी, निझरकडं. कागदोपत्री गुजरात, बोली अहिराणी, आणि सोयरीक सगळी खान्देशात. लग्न होऊन आक्का सुरतेत गोडादऱ्याला आली. तिचे यजमान, आमचे दाजी, लूमवर. तिच्या मागोमाग मी आलो, तिच्याच खोलीत चार वर्षं जेवलो-झोपलो आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग कालवता कालवता कलर मास्तर झालो. गिऱ्हाइकानं चिंधी आणून दिली की तीच छटा हुबेहूब उतरवून देणं हे माझं काम. सगळं मी रंगावरून ओळखतो असा माझा तोरा होता. माणसंसुद्धा.

वडील गेले तेव्हा गावची चार एकर जमीन आईच्या, माझ्या आणि आक्काच्या नावावर वारसानं चढली. पुढच्या वर्षी आई गेली. त्यानंतरच्या आखाजीला आक्का माहेरी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. लिंबाला झोके, घरात आमरस, खापरावरची पुरणपोळी, आणि गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर. आणखी एक रीत आहे, ती कोणी सणात मोजत नाही. वडील गेले की आलेल्या आखाजीला बहिणीनं तलाठ्यापुढे जाऊन ‘हक कमी’ करून द्यायचा. म्हणजे जमिनीत माझा हक्क नाही, भावाला राहू द्या, असा जबाब. बदल्यात लुगडं आणि माहेरचं दार उघडं. जी देत नाही तिच्याबद्दल लोक पाठीमागे काय बोलतात ते मी लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं मीच बोललेलो आहे.

आक्कानं कुरकूर न करता सही केली. मी तिला मोरपंखी रंगाचं लुगडं घेतलं. रंग पक्का नव्हता, हे मला दुकानातच कळलं होतं.

जमीन मी कधी कसली नाही. गावातल्या एकाला बटाईनं लावून दिली. वर्षाकाठी तो काही आणून द्यायचा, काही पाऊस खाऊन जायचा. पण मिलमध्ये चहाच्या वेळी ‘आपली गावाकडे चार एकर आहे’ असं म्हणताना छाती जरा पुढं यायची. पांडेसऱ्यात प्रत्येकाच्या अंगाला रंगाचा वास. त्या वासात चार एकरवाला मी एकटाच.

शेती येत होती ती आक्काला. गोडादऱ्यातल्या तिच्या खोलीवर उघडी गच्ची होती, तिथं तिनं आमच्या मिलमधून आणलेल्या रंगाच्या रिकाम्या ड्रमांत भाजी लावली होती. ड्रम कितीही घासले तरी पहिले दोन महिने खालून निळसर पाणी झिरपायचं. ते झिरपणं थांबेपर्यंत ती ड्रमात गवत वाढवायची आणि उपटून फेकायची. मगच वांगी लावायची, आमच्या भरताची, हिरवी, हाताएवढी. माती बोटावर घेऊन जिभेला लावायची आणि थुंकायची. तिला विचारलं काय कळलं, तर म्हणायची, कळतं.

पोटासाठी ती कापड मार्केटात साड्यांच्या घड्या आणि पॅकिंगचं काम करायची. थप्पीतून नेमकं पार्सल ओढून काढायची, हे राजकोटचं, हे भावनगरचं. मला वाटायचं, पोत्याच्या रंगावरून ओळखत असेल. तिची शाळा मराठी चौथीपर्यंत. गुजराती तिला बोलता येते, वाचता येत नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. ते मी तिला कधी विचारलं नव्हतं.

थंडीत बायकांचा टेम्पो भरून ओलपाडकडे पापडी, म्हणजे वालाच्या शेंगा, तोडायला जायचा. मार्केट मंद असलं की आक्का त्यात जायची. तिथल्या एका म्हाताऱ्या पाटीदार शेतकऱ्याशी तिची बरी ओळख झाली. त्याचा एक छोटा सर्वे नंबर खाडीच्या अंगाला पडीक होता, जेमतेम विघाभर, म्हणजे अर्ध्या एकराच्या आसपास. उन्हाळ्यात त्यावर मिठाची पांढरी साय धरायची. ऊस तर सोडाच, बाभूळही तिथं मन लावून वाढत नव्हती. म्हातारा म्हणाला, तुला हवी तर देतो, माझ्या पोरांना शेतीचं नाव नको आहे.

दाजींचे कान तोवर लूमनं खाल्ले होते. चाळीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांना जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं आणि आता कारखान्यात कोणी ठेवत नव्हतं. आक्कानं ठरवलं की गोडादऱ्याची खोली विकायची, तो तुकडा घ्यायचा, तिथंच एक खोली बांधून राहायचं आणि पिकवून खायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं ठरवणं मला चक्रमपणाचं वाटलं, आणि मी ते तिला सांगितलंही. ती म्हणाली, “भाऊ, तू नही खाशी का मन्हा वांगा?”

अडलं ते कायद्यापाशी. गुजरातेत शेतजमीन घ्यायची तर आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं. शेती येते का, हे कोणी विचारत नाही. कुठल्या तरी सातबारावर तुमचं नाव असलं की तुम्ही शेतकरी, नसलं की नाही. त्या हिशेबानं मी शेतकरी होतो, ज्याला भुईमूग फांदीला लागतो की मुळाशी हे आठवून सांगावं लागतं. आणि आक्का, जी माती चाखून सांगायची, ती बिनशेतकरी. दाजींच्या घरी जमीन कधी नव्हतीच. वकिलानं तिला सरळ सांगितलं की बेन, कुठंही एक नाव दाखवा, मग दस्त होईल.

ती माझ्याकडे आली. रविवार होता. माझी बायको मटकी निवडत होती. आक्का दारातच बसली, आत आली नाही. मागायला आलेली बहीण कुठं बसते हे तिला माहीत असावं.

“जमीन नको माले,” ती म्हणाली. “फक्त मन्हं नाव टाकी दे. मी लिखी देस तुले का मन्हा हिस्सा नही. कागद पायजे, बस.”

मी म्हटलं, बघतो.

आणि मी खरंच बघायला गेलो, हे मी माझ्या बाजूनं सांगतो. तालुक्याच्या कचेरीत जाऊन सातबाराची नक्कल काढली. खिडकीतल्या कारकुनानं ती पुढं सरकवली आणि मी वाचली. खातेदारांच्या रकान्यात माझं नाव होतं आणि माझ्या नावाच्या खाली आक्काचं नाव होतं.

मला वाटलं जुनी नक्कल आहे. कारकुनाला विचारलं. त्यानं नोंदवही काढून बघितली. आक्कानं जबाब दिला होता तो खरा, पण त्यानंतर तिच्या नावानं जी नोटीस जायला हवी ती सुरतेच्या पत्त्यावर कुणी घेतली नव्हती. नोटीस परत आली आणि हक कमीची नोंद नामंजूर झाली. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता, कारण एवढ्या वर्षांत आम्ही कुणी सातबारा काढूनच बघितला नव्हता. म्हणजे जे नाव घालून दे म्हणून माझी बहीण माझ्या दारात बसली होती, ते नाव तिथं होतंच. ती शेतकरीच होती. गच्चीवर ड्रमात वांगी लावत होती तेव्हाही, दुसऱ्याची पापडी मजुरीनं तोडत होती तेव्हाही.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. एक कागद खिशात घालून सुरतेला जायचं, तिच्या हातात द्यायचा, संपलं. माझं काही जात नव्हतं. ती हिस्सा मागणार नव्हती, तसं तिनं तोंडानं सांगितलं होतं आणि आक्का बोलून फिरणारी नव्हे.

पण मला घाम फुटला. चार एकरातले दोन तिचे, कायद्यानं, आजच्या तारखेला. आज नको म्हणते, उद्या दाजी म्हणतील, परवा कुणी वकील कान भरील. असं मी मनाशी म्हणालो, पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं की आक्का माझ्याकडे काही मागत होती आणि मी देणारा होतो, हे मला आवडलं होतं. चार वर्षं तिच्या खोलीत तिच्या ताटातलं खाल्लं होतं. आता पहिल्यांदा पारडं माझ्याकडे झुकलं होतं, आणि हा कागद तिच्या हाती गेला असता तर ती माझ्याएवढीच झाली असती.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. नक्कल बरोबर नेली. न नेता नुसतं सांगता आलं असतं, पण मला पुरावा दाखवायचा होता. कागद तिच्या समोर धरला आणि डाव्या हाताचा अंगठा तिच्या नावावर ठेवून म्हणालो, “हे बघ आक्का, इथं माझं एकट्याचं नाव आहे. तुझं आता घालता येत नाही. तुकड्याचा कायदा आला आहे. दोन नावं केली की जमिनीचे तुकडे झाले असं धरतात.”

तुकड्याचा कायदा आहे, खोटा नाही. पण तो जमीन फोडून विकण्याबद्दल आहे, नाव लावण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मला कचेरीतच कळलं होतं. खोटं सांगायचं तर त्यात एखादा खरा कायदा कालवावा, रंगात मीठ टाकतात तसा. रंग लवकर धरतो.

ती कागदाकडे बघत राहिली. मध्येच माझा फोन वाजला, मिलमधून, एका छटेची तक्रार होती. बोलून झालं, कागदाची घडी घातली. आक्का म्हणाली, “बरं.”

मग मी पुढचं बोललो. जुना हक कमीचा कागद फाटला आहे, कचेरीवाले पुन्हा सही मागताहेत, तेवढी येऊन करून दे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कव्हय जानं शे?”

आम्ही गेलो. या वेळी नोटिशीवर माझा पत्ता घातला, केअर ऑफ. परत येण्याचा प्रश्न नव्हता. तलाठ्यानं नियमाप्रमाणे तिला विचारलं की बेन, राजीखुशीनं देता ना? ती म्हणाली, “भाऊनी मांगं ना.” त्यानं ते ‘राजीखुशीनं’ असं लिहिलं. बाहेर रसवंती होती, तिथं मी तिला उसाचा रस पाजला. महिन्याभरात नोंद मंजूर झाली आणि आक्का शेतकरी राहिली नाही.

तरी तिनं तो तुकडा घेतला. म्हातारा म्हणाला, माझ्या शब्दावर ये, मी आहे तोवर तुला कोण हलवतो? स्टॅम्पवर नोटरी करून एक कागद झाला. तो कागद करून देण्यात मी पुढं होतो. वकील मी शोधला, साक्षीदार म्हणून सही मी केली. बहिणीसाठी धावपळ करतोय म्हणून माझ्या बायकोला माझं कौतुक वाटलं. त्या कागदाला कचेरीत कुणी विचारणार नाही, हे मला माहीत होतं.

गोडादऱ्याची खोली गेली. खाडीकडच्या तुकड्यावर विटांची एक खोली उभी राहिली. शेतजमिनीवर राहायला घर बांधायलाही परवानगी लागते, अवजारं ठेवायची ‘ओरडी’, म्हणजे खोली, तेवढी चालते. म्हणून आक्कानं दाराला एक कुदळ आणि दोन पावडी टांगून ठेवली होती. कुणी सरकारी माणूस रस्त्यानं दिसला की चूल विझवायची, खाट उभी करायची आणि पावडं हातात घेऊन दारात उभं राहायचं. स्वतःच्या घरात ती अवजारांसारखी राहिली.

पहिल्या वर्षी काही म्हणजे काही आलं नाही. गावाकडून आणलेलं वांग्याचं बी उगवलं, चार पानांवर आलं आणि कडेनं करपलं. बोअरचं पाणी असं की चहा फाटायचा आणि तुरीची डाळ दोन तास उकळूनही दाणा दाणा वेगळा राहायचा. प्यायला पाणी दाजी सायकलवर कॅननं आणायचे. मी रविवारी जायचो, जेवायचो आणि म्हणायचो, आक्का, तुझ्या भाजीला मीठ घालायची गरज नाही, तेवढाच खर्च वाचला. ती हसायची. मला वाटायचं, किती साधी आहे.

पण तिनं त्या जमिनीचा पिच्छा सोडला नाही. चैत्रात पांढरी साय पावड्यानं खरवडून खाडीत टाकली. चारी बाजूंनी बांध घातले, पावसाचं पाणी आत कोंडायचं, मीठ विरघळलं की एका कोपऱ्यातून सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. साखर कारखान्याची मळी आणून पसरली, जिप्सम टाकलं. इकड नावाचं हिरवळीचं खत पेरून कमरेएवढं झालं की गाडून टाकलं. तिसऱ्या वर्षी पालक आणि बीट आलं, कारण ते खारट सोसतात. चौथ्या वर्षी कालव्याच्या पाण्याची पाळी मिळाली, म्हाताऱ्याच्या नावावर. पाचव्या वर्षी पापडी आली, आणि सहाव्या वर्षी भरताची वांगी. त्या हिवाळ्यात तिनं बोअरच्या पाण्याचा चहा केला आणि तो फाटला नाही. तो चहा मी प्यालो आहे. जरा तुरट होता, पण चहा होता.

म्हातारा त्याच उन्हाळ्यात गेला.

त्याची पोरं शहरात राहायची. जमीन पांढरी होती तोवर एकदाही फिरकली नव्हती. आता बाजूचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि प्लॉटवाले मोटारी घेऊन यायला लागले होते. शिवाय तुकडा पांढरा राहिला नव्हता, काळाभोर झाला होता. पोरं आली ती गोड बोलत आली. मासी, बसो. आ कागळ तो न चाले. शेतकरी नसताना शेतजमीन घेतलीत हे कचेरीत कळलं तर जमीन सरकारजमा होईल, तुमचीही नाही आणि आमचीही नाही, त्यापेक्षा समजून घ्या. आणि कायद्यानं ती बरोबर बोलत होती, हे सगळ्यात वाईट. कागदावर लिहिलेले पैसे त्यांनी परत देऊ केले. तेवढ्यात आता गोडादऱ्यात संडास आला नसता.

आक्का एवढंच म्हणाली, “पापडी फुलवर शे. तोडी लेऊ द्या, मंग जातस आम्ही.”

पोरं हो म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला.

मला फोन आला तेव्हा मी रंगाच्या खोलीत होतो. तसाच निघालो, हात कोपरापर्यंत निळे. पोचलो तेव्हा अर्धी पापडी मातीत गेली होती. आक्का खोलीतली भांडी बाहेर आणून ओळीनं मांडत होती, बाजार मांडावा तशी. दाजी पापडीच्या राहिलेल्या अर्ध्या भागात पाठमोरे उभे राहून शेंगा तोडत होते. मशीन त्यांच्या मागे दहा हातांवर होतं आणि त्यांना ऐकूच येत नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तो मुद्दाम वाजवत होता आणि त्याचा सोबती हसत होता. मी मध्ये पळालो नाही. मला वाटलं, आत्ता वळतील. शेवटी आक्काच गेली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं. दाजींनी वळून बघितलं आणि हातातल्या शेंगा खिशात घातल्या.

ती दोघं पुन्हा गोडादऱ्यात आली, भाड्याच्या खोलीत, पूर्वीच्या घरापासून तीन गल्ल्या आत.

त्यानंतर मला झोप येईना, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. झोप यायची. पण जेवताना वांगं आलं की घास फिरायचा. तीन महिन्यांनी मी रजा टाकून तालुक्याला गेलो. या वेळी खरंच आक्काचं नाव चढवायला. म्हटलं, चारातले दोन एकर तिला देऊन टाकू, तिथं खोली बांधून राहील. गावचं पाणी गोड आहे.

कारकून नवीन होता, पोरसवदा, नम्र. त्यानं जुन्या नोंदी पडद्यावर काढल्या आणि म्हणाला, “काका, यांनी हक कमी केलेला आहे, मंजूर आहे. आता त्या खातेदार नाहीत.”

मी म्हटलं, मी जिवंतपणी हक्क देतोय की. तो म्हणाला, ते स्वतःच्या मुलाबाळांना देता येतं, हक सोडलेल्या बहिणीला नाही. मी म्हटलं, बक्षीस देतो. तो म्हणाला, बक्षीसही शेतकऱ्यालाच देता येतं आणि आता त्या शेतकरी नाहीत. मी म्हटलं, सख्खी बहीण आहे. तो म्हणाला, “तुम्हीच तर करून घेतलंय ना काका? केअर ऑफ तुमचाच पत्ता आहे.”

आठ वर्षांपूर्वी मी आक्काला सांगितलं होतं की कायद्यानं तुझं नाव घालता येत नाही. तेव्हा ते खोटं होतं. आता खरं होतं, आणि ते मीच खरं करून ठेवलं होतं.

तिथून मी थेट गोडादऱ्याला गेलो. दुपार होती. दाजी भिंतीला टेकून डुलकी घेत होते. खोलीपुढच्या अरुंद गॅलरीत आमच्या मिलचे दोन ड्रम होते. एकात नुसतं गवत होतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. नक्कल, अंगठा, तुकड्याचा कायदा, नोटिशीवरचा पत्ता आणि आजचा कारकून. रडलोही थोडा. मला वाटत होतं आता ती शिव्या देईल, आणि शिव्या खाल्ल्या की मला बरं वाटेल.

आक्का ड्रममधलं गवत उपटत होती. तिचा हात थांबला नाही.

“तुन्हा फोन वाजना तव्हय तू हात उचला,” ती म्हणाली. “मी देखं. मन्हं नाव व्हतं.”

मी म्हटलं, तुला गुजराती कुठं वाचता येतं?

“पार्सलवर काय मराठी ऱ्हास का? वरली रेघ नही, बाकी तेच शे.” तिनं मुळांची माती झटकली. “तुले इतला वरीसमां कळनं नही.”

मग सही का केलीस, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला, जणू चूक तिचीच होती.

ती म्हणाली, “मांगी लेनारी बहीन व्हवानं नव्हतं माले. म्हंतलं, भाऊ आपला मनतीन सांगी. कचेरीमां सांगी, नही ते रस पेताना सांगी. जमीनवर दर रविवारे येस, जेवस, तव्हय सांगी.” तिनं गवताची शेवटची मूठ उपटली. “आते तुले देवानं शे, तर देता येत नही.”

हे ती रागानं बोलली नाही. राग असता तर मी भांडलो असतो.

तिनं हात धुतले, आत गेली आणि चहा ठेवला. दाजी जागे झाले, मला बघून हसले आणि मोठ्यानं म्हणाले की गावची जमीन कशी आहे, यंदा काय लावलं? मी बोटानं खुणेनंच सांगितलं, कापूस. त्यांनी मान डोलावली. आक्कानं कप माझ्यापुढे ठेवला. महापालिकेच्या पाण्याचा चहा होता, फाटायचं कारण नव्हतं, आणि तो मी शेवटपर्यंत प्यालो.

यंदाच्या आखाजीला मी गावी घागर भरली. आक्का आली नाही. सातबारावर आता एकच नाव आहे.